तबकडीची सत्यप्रत : डिस्क इमेज आणि मुक्त साधने

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्या प्राथमिक शाळांत पंधरा-वीस वर्षांपूर्वी संगणक आला, त्या शाळांच्या कपाटात सीडी व डीव्हीडी ह्यांची एक चळत बहुधा असतेच. काही तबकड्या संगणकाबरोबर आलेल्या असतात, काही पाठ्यघटकांच्या व कवितांच्या चालींच्या असतात, आणि एकदोन अशा असतात की ज्यांवर नुसते ‘स्नेहसंमेलन’ आणि साल एवढेच हाताने लिहिलेले असते. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांची नोंद असते. तपासणीच्या वेळी त्या मोजल्या जातात, संख्या जुळते आणि चळत पुन्हा कपाटात जाते. नोंदवहीला संख्या कळते. तबकडीवरील मजकूर अद्याप वाचता येतो किंवा नाही, हे नोंदवहीला कळत नाही. विकत घेतलेल्या तबकडीची दुसरी प्रत कोठे तरी मिळू शकेल. परंतु स्नेहसंमेलनाची तबकडी, एखाद्या सेवानिवृत्त गुरुजींनी मुलांकडून म्हणवून घेतलेल्या कवितांची तबकडी, गावातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडून उतरून घेतलेल्या ओव्यांची तबकडी, ह्यांची बहुधा जगात दुसरी प्रतच नसते. अशा तबकड्यांची विश्वसनीय प्रत कशी करावी, तिचा ताळा कसा पाहावा आणि त्याकरिता मोबदला न देता कोणती साधने वापरता येतात, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

तबकडीवर मजकूर राहतो कसा, हे प्रथम पाहिले पाहिजे. कारण तो कसा राहतो हे कळले म्हणजे तो कसा नाहीसा होतो हेही कळते. सीडी १९८२ साली बाजारात आली ती संगीताकरिता. फिलिप्स व सोनी ह्या दोन कंपन्यांनी तिचे मानक ठरविले होते. ह्या तबकडीवर आतून बाहेर उलगडत जाणारी एकच सर्पिलाकार वाट असते. वाटेच्या दोन लगतच्या वेढ्यांत सुमारे १.६ मायक्रॉन अंतर असते, म्हणजे एका मिलिमीटरात सहाशेहून अधिक वेढे मावतात, आणि संपूर्ण वाट सरळ केली तर ती पाच किलोमीटरांहून लांब भरते. कारखान्यात छापलेल्या तबकडीवर ह्या वाटेत सूक्ष्म खाचा उठविलेल्या असतात. घरी किंवा शाळेत लिहिता येणाऱ्या कोऱ्या तबकडीवर मात्र खाचा नसतात. तेथे रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लिहिताना लेसरचा किरण प्रखर होऊन त्या थरावर नेमक्या जागी उष्णता देतो व तेथील परावर्तन बदलते. वाचताना तोच किरण मंद करून परावर्तनातील फरक टिपला जातो. ‘सीडी बर्न करणे’ हा वाक्प्रचार त्यामुळे अगदीच अलंकारिक नव्हे. जाळणे नसले तरी पोळणे खरोखरच घडते.

आता हे रंगद्रव्य सेंद्रिय असते. ऊन, उष्णता व दमटपणा ह्यांनी ते कालांतराने बिघडते. कोकणातील पावसाळा आणि विदर्भातील उन्हाळा ह्यांपैकी तबकडीला अधिक मारक कोणता, ह्यावर वाद घालता येईल. पण दोन्ही मारक आहेत ह्यात शंका नाही. शिवाय हा बिघाड हळूहळू दिसून येत नाही, ही खरी अडचण आहे. तबकडीवर मजकुराबरोबर दुरुस्तीची अंकगणिती तरतूदही लिहिलेली असते. अर्व्हिंग रीड व गुस्टाव्ह सॉलोमन ह्या गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या सांकेतिक पद्धतीवर ती आधारलेली आहे. थोडे अंक बिघडले तर उरलेल्यांवरून ते पुन्हा हुडकून काढता येतात. त्यामुळे तबकडी आतून झिजत असतानाही बाहेरून धडधाकट भासते. आणि दुरुस्तीची मर्यादा ओलांडली गेली की एके दिवशी एकदम अडते. काल चालत होती म्हणून आजही चालेल, हा भरवसा म्हणूनच फसवा आहे. त्यात नव्या लॅपटॉपांतून तबकडी वाचणारा ड्राइव्ह बहुतांशी नाहीसा झाला आहे. तबकडी जिवंत आणि ती वाचणारे यंत्र हाताशी, असा जो काळ शिल्लक आहे, त्यातच हे काम उरकावयास हवे.

प्रत करणे म्हणजे तबकडी उघडून त्यातील फायली दुसरीकडे उतरवून घेणे, असा सर्वसाधारण समज आहे. कित्येकदा तेवढ्याने भागते. तथापि कचेरीतील व्यवहारात नक्कल आणि सत्यप्रत ह्यांत जो भेद आहे, तोच येथेही आहे. एखाद्या दप्तरातील मजकूर दुसऱ्या कागदावर उतरवून घेतला तर शब्द मिळतात. परंतु पृष्ठांचा क्रम, समासातील शेरे, कोरी सोडलेली पाने, पहिल्या पानावरील अनुक्रम, हे सारे जसेच्या तसे येत नाही. संपूर्ण तबकडीची, पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत, काहीही न गाळता व काहीही न हलविता एकाच फाइलीत घेतलेली प्रत म्हणजे ‘डिस्क इमेज’ होय. इमेज ह्याचा शब्दार्थ प्रतिमा. पण प्रतिमा म्हटले की चित्राचा भास होतो, यास्तव इमेज हाच रूढ शब्द वापरणे सोयीचे. अशा फाइलीच्या नावामागे बहुधा ‘आयएसओ’ हे प्रत्ययासारखे शेपूट असते, म्हणून तिला आयएसओ फाइल असेही म्हणतात.

हे नाव आयएसओ ९६६० ह्या आंतरराष्ट्रीय मानकावरून आले. १९८५ साली अमेरिकेतील नेवाडा राज्यात, ताहो सरोवराकाठच्या हाय सिएरा नावाच्या हॉटेलात काही कंपन्यांचे तंत्रज्ञ जमले आणि सर्व संगणकांना वाचता येईल अशी सीडीची एकच मांडणी असावी असे त्यांनी ठरविले. त्यांचा आराखडा १९८६ साली तयार झाला आणि थोड्या फेरफारांनिशी १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक बनला. पुढे १९९५ साली तबकडीवरून संगणक सुरू करण्याची पद्धत ठरली, तिला ‘एल टोरिटो’ हे एका उपाहारगृहाचे नाव मिळाले. ह्या क्षेत्रातील महत्त्वाचे निर्णय जेवणाच्या टेबलावर झाले असावेत, असे वाटावे खरे! असो.

मांडणी अशी. मजकूर सारख्या आकाराच्या कप्प्यांत ठेवलेला असतो. ह्या कप्प्यांस सेक्टर म्हणतात. तबकडीवर प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटांचा असतो. त्यांपैकी २०४८ बाइट मजकुराकरिता आणि उरलेले ३०४ ओळखखुणा व दुरुस्तीची तरतूद ह्यांकरिता. एका सेकंदास ७५ सेक्टर ह्या हिशेबाने ८० मिनिटांच्या सीडीवर किती मजकूर मावतो, हे पाचवीच्या मुलांसही काढता येईल : ८० गुणिले ६० गुणिले ७५ म्हणजे ३,६०,००० सेक्टर, आणि त्यास २०४८ ने गुणले असता ७३,७२,८०,००० बाइट. वेष्टनावर ‘७०० एमबी’ असे छापतात ते ह्याच संख्येचे व्यावहारिक रूप. पहिले सोळा सेक्टर प्रमाण मांडणीने संगणकाच्या स्वतःच्या उपयोगाकरिता राखून ठेवलेले आहेत. त्यांच्या पुढच्या सेक्टरात तबकडीचे नाव, आकार व अनुक्रमणिकेचा पत्ता दिलेला असतो. नुसत्या फायली उतरवून घेणाऱ्याच्या हाती हे आरंभीचे सोळा सेक्टर कधीच येत नाहीत. ज्या तबकडीवरून संगणक सुरू करावयाचा असतो, तिच्या फायली उतरवून दुसऱ्या तबकडीवर तशाच टाकल्या तर ती दुसरी तबकडी संगणक सुरू करीत नाही, ह्याचे कारणही हेच : फायली आल्या, पण सुरुवात कोठून करावयाची हे सांगणारी नोंद मागे राहिली.

येथे एक अपवाद सांगणे अवश्य आहे. गाण्यांची जी सीडी साध्या वादकयंत्रावर वाजते, तिच्यात फायली नसतातच. तिच्यावर ध्वनीचे अंक सलग लिहिलेले असतात. तिची आयएसओ फाइल होत नाही. तिच्याकरिता दोन फायलींची निराळी पद्धत आहे : एकीत ध्वनी आणि दुसरीत कोणते गीत कोठे सुरू होते ह्याची यादी. कवितांच्या चालींची तबकडी हाती आली की ती प्रथम ह्या जातीची आहे काय, हे पाहून घ्यावे.

शाळेने स्वतःचा संग्रह नव्याने इमेजरूपात बांधावयाचे ठरविले तर मराठी नावांचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. आयएसओ ९६६० च्या अगदी काटेकोर पातळीवर फाइलीचे नाव आठ अक्षरांचे, शेपूट तीन अक्षरांचे, आणि तेही केवळ मोठी रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा ह्यांचेच असू शकते. देवनागरीस तेथे थाराच नाही. मायक्रोसॉफ्टने १९९५ च्या सुमारास ‘जोलिएट’ नावाची पुरवणी काढली. तीत नाव ६४ वर्णचिन्हांपर्यंत लांब असू शकते आणि देवनागरीही चालते. मात्र येथे चिन्ह म्हणजे मराठी वाचकाच्या दृष्टीचे अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्ताची खूण ही प्रत्येकी एक चिन्ह म्हणून मोजली जातात. ‘शिक्षण’ हा शब्द लिहिताना तीन अक्षरांचा, पण मोजताना सहा चिन्हांचा होतो; आणि ‘विद्यार्थ्यांची’ ह्यात अक्षरे चार असून चिन्हे पंधरा भरतात. ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांची वार्षिक स्नेहसंमेलनातील छायाचित्रे’ असे सालंकृत नाव दिले तर चौसष्टाची मर्यादा सहज ओलांडली जाऊन नाव मध्येच तोडले जाते. तेव्हा जोलिएटचा पर्याय चालू ठेवावा, नाव आटोपशीर ठेवावे, आणि सविस्तर वर्णन तबकडीतीलच एका यादीच्या फाइलीत लिहावे.

आता साधनांकडे वळू. इंग्रजीत ‘फ्री’ ह्या एकाच शब्दाने फुकट आणि मुक्त असे दोन अर्थ निघतात, आणि त्या घोटाळ्यावर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठीस ती अडचण नाही. फुकट म्हणजे मोबदला न घेता दिलेले. मुक्त म्हणजे ज्याची मूळ लिखित रचना कोणासही पाहता येते, सुधारता येते आणि सुधारलेली पुन्हा वाटता येते असे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना तयार झाला, तो ह्या दुसऱ्या अर्थाच्या रक्षणाकरिता. शाळेला पैसे वाचविणे हवे असते, म्हणून तिला पहिला अर्थ जवळचा वाटतो. पण दहा-वीस वर्षे टिकावयाच्या कामात दुसरा अर्थच अधिक मोलाचा ठरतो. ह्याचे उत्तम उदाहरण तबकडी लिहिणाऱ्या मुक्त प्रोग्रॅमांच्या इतिहासातच सापडते.

लिनक्स व युनिक्स घराण्यातील संगणकांवर इमेज तयार करणारा एमके-आयएसओ-एफएस हा प्रोग्रॅम एरिक यंगडेल ह्यांनी १९९३ च्या सुमारास लिहिला. तबकडी लिहिणारा सीडी-रेकॉर्ड हा प्रोग्रॅम जर्मनीतील यॉर्ग शिलिंग ह्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. पुढे दोन्ही शिलिंग ह्यांच्या एकाच संचात आले आणि कित्येक वर्षे जगभरच्या लिनक्स संगणकांवर तबकडी लिहिण्याचे काम त्यांनीच केले. पडद्यावर दिसणारी खिडकी कोणतीही असो, पडद्यामागे राबणारा गडी बहुधा हाच असे. २००६ साली शिलिंग ह्यांनी संचाचा बराचसा भाग निराळ्या परवान्याखाली आणला. डेबियन ह्या लिनक्स वितरणाच्या मंडळींचे म्हणणे असे पडले की नवा परवाना जुन्याशी जुळत नाही आणि दोहोंचे मिश्रण कायदेशीरपणे वाटता येत नाही. शिलिंग ह्यांस हे मुळीच मान्य नव्हते. वाद कडवट झाला. कोणाची बाजू अधिक बरोबर होती, हे परवान्यांच्या पंडितांनी ठरवावे. शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढे घडले. डेबियनच्या मंडळींनी जुन्या परवान्याखालील शेवटची आवृत्ती घेऊन त्याच वर्षी सीडीआर-किट नावाचा वेगळा संच काढला. तोही पुढे मंदावला. तेवढ्यात लिबबर्निया ह्या तिसऱ्याच प्रकल्पाने नव्याने रचना केली होती, आणि थॉमस श्मिट ह्यांचा एक्स-ऑरिसो हा प्रोग्रॅम तिच्यातून आला. इमेज करणे व तबकडी लिहिणे ही दोन्ही कामे तो एकट्याने करतो. शिलिंग २०२१ साली निवर्तले. म्हणजे भांडण झाले, फाटाफूट झाली, एक शाखा सुकली, मूळ कर्ता गेला. आणि तरीही तबकडी लिहिण्याचे काम कोणाचे अडले नाही. रचना सर्वांस खुली होती, म्हणूनच हे शक्य झाले.

ह्याच्या शेजारी विंडोजवरील इमगबर्न हा प्रोग्रॅम ठेवून पाहावा. तो फुकट आहे, पण मुक्त नाही. काम उत्तम करतो : तबकडीवरून इमेज घेतो, फायलींची इमेज बांधतो, इमेज तबकडीवर लिहितो आणि लिहिलेले पुन्हा वाचून पडताळतो. २००५ साली तो प्रथम आला आणि त्याची शेवटची आवृत्ती २०१३ सालची आहे. त्या आवृत्तीच्या स्थापनेच्या फाइलीबरोबर जाहिरातीचे अन्य प्रोग्रॅम पुढे केले जात, आणि ‘पुढे, पुढे’ असे बटण दाबीत जाणाऱ्या शिक्षकाच्या संगणकात ते नकळत शिरत. कर्त्याने काम थांबविल्यावर दुसऱ्या कोणी ते हाती घेऊन हा दोष काढावा, तर रचना बंद असल्यामुळे ते होऊ शकले नाही. जेथे तो आधीपासून बसविलेला आहे आणि चालतो आहे तेथे खुशाल वापरावा. नव्याने घ्यावयाचे असल्यास विंडोजवर इन्फ्रारेकॉर्डर हा मुक्त प्रोग्रॅम आहे. लिनक्सवर के-थ्री-बी, ब्रासेरो व एक्सएफबर्न हे पडद्यावरील बटणांनी चालणारे मुक्त प्रोग्रॅम आहेत. नुसती तयार इमेज तबकडीवर लिहावयाची तर विंडोजमध्ये २००९ च्या सातव्या आवृत्तीपासून ती सोय आहेच, आणि २०१२ च्या आठव्या आवृत्तीपासून आयएसओ फाइल दोनदा दाबली असता ती तबकडी घातल्याप्रमाणे उघडते. कपाटातील तबकडीवरून इमेज घेण्याचे बटण मात्र विंडोजमध्ये नाही, आणि शाळेस गरज आहे ती नेमकी त्याचीच.

चांगल्या स्थितीतील तबकडीची इमेज घेण्यात विशेष कौशल्य नाही. तबकडी मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, वर्तुळाकार पुसू नये. कारण वाटेला आडवा गेलेला ओरखडा दुरुस्तीची तरतूद सहज भरून काढते, वाटेच्या लांबीने गेलेला ओरखडा तिला झेपत नाही. मग ब्रासेरोसारख्या प्रोग्रॅमात तबकडीची प्रत घेण्याचा पर्याय निवडून, प्रत कोठे करावी ह्या प्रश्नास ‘इमेज फाइल’ हे उत्तर द्यावे, की झाले.

खरा कस लागतो तो अर्धवट बिघडलेल्या तबकडीत. साधा प्रोग्रॅम पहिल्या न वाचता येणाऱ्या सेक्टरपाशी अडतो, तेथेच धडपडत राहतो आणि अखेर काम टाकून देतो. पुढचे लाखो सेक्टर चांगले असले तरी ते हाती येत नाहीत. ह्याकरिता ग्नू प्रकल्पातील डीडी-रेस्क्यू हा मुक्त प्रोग्रॅम आहे. त्याची रीत परीक्षेस बसलेल्या शहाण्या मुलासारखी आहे : येणारी उत्तरे आधी लिहावयाची, अडलेला प्रश्न सोडून पुढे जावयाचे, आणि शेवटी उरलेल्या वेळात मागे वळावयाचे. कोणता सेक्टर मिळाला व कोणता राहिला, ह्याचा नकाशा तो एका निराळ्या फाइलीत ठेवतो. वीज गेली, संगणक बंद पडला, तरी नकाशा शिल्लक असल्याने काम होते तेथून पुढे चालते. तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तोच नकाशा दिला तर तो फक्त राहिलेले सेक्टर वाचू पाहतो. आणि एका ड्राइव्हला न दिसलेले दुसऱ्यास दिसले, असे पुष्कळदा घडते.

केंद्रातील शाळांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी बाब ह्यापुढची आहे. एकच छापील तबकडी अनेक शाळांस वाटली गेली असेल, तर तिच्या प्रती निरनिराळ्या कपाटांत निरनिराळ्या जागी बिघडलेल्या असतात. पहिल्या शाळेच्या प्रतीवरून मिळेल तेवढे घेऊन, त्याच नकाशावर दुसऱ्या शाळेची प्रत लावली तर राहिलेल्या जागा तिच्यातून भरून निघतात. हिशेब करून पाहावा. ३,६०,००० सेक्टरांच्या दोन प्रतींत प्रत्येकी ३०० सेक्टर विखुरलेले बिघडले आहेत असे समजू. म्हणजे दर बाराशेंत एक. पहिल्या प्रतीतील ३०० बिघाडांपैकी किती जागा दुसऱ्या प्रतीतही बिघडलेल्या असतील? सरासरीने ३०० भागिले १२००, म्हणजे पाव. अशा चार जोड्या घेतल्या तर त्यांत मिळून एखादाच सेक्टर कायमचा गमावलेला निघेल. तिसरी प्रत मिळाली तर ही भीती आणखी बाराशेपटीने उणावते. एकट्याने निरुपयोगी ठरलेल्या दोन तबकड्या मिळून एक निर्दोष इमेज देतात, ती अशी. प्रत्यक्षात बिघाड इतका समप्रमाणात विखुरलेला नसतो. बाहेरची कड सर्वच प्रतींची आधी खराब होते, हा भाग वेगळा. शिवाय दोन्ही प्रती एकाच मूळ छापाच्या असल्या पाहिजेत. दोन शिक्षकांनी तेच फोटो आपापल्या संगणकावर वेगवेगळे लिहिले असतील तर फायली सारख्या असूनही सेक्टरांची मांडणी जुळत नाही, आणि अशी सांगड घालू गेल्यास दोहोंची खिचडी होते.

इमेज हाती आली की तिचा ताळा पाहिला पाहिजे. गुणाकाराचा नवांनी ताळा पाहण्याची जुनी रीत शिक्षकांस परिचित आहे. ४७ गुणिले ३५ बरोबर १६४५ : ४७ चे अंक मिळवून २, ३५ चे ८, त्यांचा गुणाकार १६, त्याचे ७, आणि १६४५ चे अंक मिळवून १६, त्याचेही ७. ताळा जमला. पण मुलाने चुकून १६५४ लिहिले असते तरी ताळा जमलाच असता, कारण अंकांची अदलाबदल ह्या रीतीस दिसत नाही. संगणकातील ‘चेकसम’ हा ह्याच जातीचा, पण फार कडक ताळा होय. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००२ साली मान्य केलेली एसएचए-२५६ ही रीत कोणत्याही फाइलीचा ६४ चिन्हांचा ताळा काढते. त्र्याहत्तर कोटी बाइटांत एक अंक इकडचा तिकडे झाला तरी संपूर्ण ताळा ओळखू न येण्याइतका बदलतो. इमेज केल्याबरोबर हा ताळा काढून एका साध्या मजकुराच्या फाइलीत व कागदावरही लिहून ठेवावा. वर्षाने तो पुन्हा काढावा. जुळला तर इमेज जशीच्या तशी आहे. न जुळला तर दुसऱ्या ठिकाणची प्रत काढावी. त्याकरिता ती दोन ठिकाणी, म्हणजे शाळेत एक आणि केंद्रशाळेत किंवा अन्यत्र एक, अशी आधीच ठेवलेली असली पाहिजे, हे उघड आहे. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या इमेजचाही ताळा तेथे छापलेल्या ताळ्याशी जुळवून पाहिल्यावाचून ती वापरू नये.

इमेज पुन्हा तबकडीवर लिहिण्याचे प्रयोजन आता मर्यादित राहिले आहे. जेथे केवळ डीव्हीडी वाजविणारे यंत्र आहे, जेथे पालकास मुलाच्या कार्यक्रमाची प्रत द्यावयाची आहे, तेथे ती लिहावी. तेथे एक चूक फार होते : आयएसओ फाइल कोऱ्या तबकडीवर एक फाइल म्हणून टाकली जाते, आणि मग तबकडीत नुसती तीच फाइल दिसते. प्रोग्रॅममध्ये ‘इमेज लिहा’ असा स्वतंत्र पर्याय असतो, तोच निवडावयास हवा. लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय कंटाळा न करता चालू ठेवावा. सीडीवर नाव लिहावयाचे ते मऊ टोकाच्या लेखणीने. कारण सीडीचा मजकुराचा थर वरच्या छापील बाजूच्या लगत असतो, आणि चकाकणाऱ्या बाजूवरील ओरखड्यापेक्षा वरच्या बाजूचा बॉलपेनचा रेटा अधिक घातक ठरतो. डीव्हीडीत तो थर दोन पापुद्र्यांच्या मध्ये असल्याने ती ह्या बाबतीत थोडी सुरक्षित असते.

तबकडी मागे पडली तरी इमेज मागे पडलेली नाही. आजही लिनक्सची बहुतेक वितरणे आयएसओ फाइलीच्या रूपानेच दिली जातात आणि ती पेन ड्राइव्हवर लिहिली जातात. विंडोजवर त्या कामाकरिता रूफस हा मुक्त प्रोग्रॅम पुष्कळ वापरला जातो. सी-डॅक ह्या केंद्र सरकारच्या संस्थेचे मुख्यालय पुण्यास आहे. तिने डेबियनच्या आधारे सिद्ध केलेली बॉस ही भारतीय भाषांची कार्यप्रणाली आणि तिची शाळांकरिताची आवृत्ती हीदेखील ह्याच रूपात प्रसिद्ध झाली. ज्या शिक्षकास तबकडीची इमेज समजली, त्यास जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली बसविण्याचे अर्धे काम समजलेच.

कायद्याचा मुद्दा टाळता येण्याजोगा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ अन्वये, संगणकीय प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्यास, ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा आहे. ती मुभा त्याच प्रयोजनापुरती आहे. शेजारच्या शाळेस प्रती वाटण्याकरिता नव्हे. गीते, चित्रपट व इतर साहित्य ह्यांस ही प्रोग्रॅमची मुभा सरसकट लावू नये. शाळेच्या स्वतःच्या निर्मितीस अर्थातच ही अडचण नाही, आणि अगोदर वाचवावयाचे आहे तेही तेच.

कामाचा क्रमही त्यावरूनच ठरावा. दुसरी प्रत नसलेल्या, हाताने लिहिलेल्या तबकड्या प्रथम. केंद्रातील अनेक शाळांस वाटलेल्या नंतर. संगणकाबरोबर आलेल्या, ज्यांचा संगणकच आता निर्लेखित झाला आहे, त्या शेवटी किंवा मुळीच नाहीत. यूएसबीने जोडावयाचा एक बाह्य ड्राइव्ह संपूर्ण केंद्रास पुरतो. दुसरा निराळ्या बनावटीचा मिळाल्यास हट्टी तबकड्यांकरिता ठेवावा. एका सीडीस काही मिनिटे लागतात, बिघडलेल्या तबकडीस रात्रभरही लागू शकते; ती सायंकाळी लावून, नकाशाची फाइल तपासून, सकाळी पाहावी. नोंदवहीत तबकडीच्या नोंदीसमोर शेऱ्याच्या रकान्यात इमेज घेतल्याची तारीख, फाइलीचे नाव, ती कोठे ठेवली आहे, आणि ताळ्याची पहिली आठ चिन्हे एवढे लिहावे. न वाचता आलेल्या तबकडीसमोर तसे स्पष्ट लिहावे, आणि किती सेक्टर मिळाले नाहीत तो आकडा द्यावा. तिची दुसरी प्रत केंद्रातील कोणत्या कपाटात आहे, हे त्याच बैठकीत विचारून घ्यावे.